भेगेतलं डोरलं

"त्यात काय एवढं? मेटल डिटेक्टर फिरवला की दोन मिनिटांत सापडेल," हे वाक्य मी बोललो तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती, आणि मेटल डिटेक्टर मी आयुष्यात फक्त नागपूरच्या एका मॉलच्या दारात पाहिला होता. तिथेही तो नेमका मलाच पाहून वाजला होता. पण मी यवतमाळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. असल्या माणसाला उडालेल्या फ्यूजपासून चंद्रग्रहणापर्यंत सगळ्या विषयांवर मत द्यावंच लागतं, नाही दिलं तर लोक पदवीवर संशय घेतात.

फोन माझ्या मेहुण्याचा, कपिलचा होता, दारव्ह्याजवळच्या माझ्या सासुरवाडीहून. वावरात पऱ्हाट्या उपटण्याचं काम चाललं होतं. कापूस वेचून झाला की झाडांच्या ज्या वाळक्या काड्या उरतात त्या पऱ्हाट्या. एका पऱ्हाटीत सासूबाईंच्या मंगळसूत्राची पोत अडकली, तुटली, काळे मणी सगळीकडे उधळले. मणी बायांनी वेचून दिले. पोतीतलं सोन्याचं डोरलं मात्र मिळालं नाही. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळा लागला की फाटते, आणि त्या भेगांत चप्पलसुद्धा गडप होते. डोरलं भेगेत गेलं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

एवढ्यावर भागलं असतं तर दुसरं डोरलं करता आलं असतं. पण माझे सासरे सदाशिवराव राऊत यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती, आणि ती बदलायची तारीख नागपूरच्या डॉक्टरांनी दिली होती. उशीर करू नका, असं बजावलंही होतं. आणि सासूबाईंनी, म्हणजे कोकिळाबाईंनी, त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "गळ्यातलं असं भुईत गेलं अन् म्या यायले टेबलावर जाऊ देऊ? नाई जमत. डोरलं सापडल्याबिगर कोनी नागपूरचं नाव काढाचं नाई."

सासूबाई शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण त्यांचा 'नाई' अख्ख्या घरात शेवटचा असे. माझी बायको सुरभी रडली, कपिलने आवाज चढवला, डॉक्टरांनीही फोनवर समजावलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा सुरभीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना, दोन मिनिटांत?"

मी मशीन ऑनलाइन मागवलं. ते आलं तेव्हा त्याचा लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती आणि वर बटणांचा डबा पाहून आमच्या सोसायटीत दोन तट पडले. एकाच्या मते मी गवत कापायचं यंत्र आणलं होतं, दुसऱ्याच्या मते ते गुडघ्याच्या व्यायामाचं होतं. सोबत माहितीपुस्तिका होती. ती मी वाचली नाही. वर्षानुवर्षं विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवणाऱ्या माणसाने माहितीपुस्तिका वाचणं मला अपमानास्पद वाटलं. पुढचे सगळे अपमान मी पुस्तिका न वाचल्यामुळेच झाले, हे इथेच सांगून टाकतो.

दारव्ह्याहून गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये ते मशीन मांडीवर आडवं घेऊन मी बसलो, सुरभी पुढे बसली. शेजारच्या माणसाने बराच वेळ निरखून विचारलं, "हे कायचं होय, सर?" मी खरं सांगितलं. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि मागच्याला म्हणाला, "गुप्तधनाचं हाय." मी खुलासा केला. खुलासा जितका लांबत गेला तितकी त्यांची खात्री पटत गेली.

वावरात पोचलो तर माझ्या आधी बातमी पोचली होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बरीच मंडळी बसली होती. सासरे कडूनिंबाखाली खाटेवर पडून होते. घरी कोंडल्यासारखं होतं म्हणून ते दिवसभर वावरातच यायचे. मला पाहून उठू लागले तर मी म्हणालो, "राहू द्या, राहू द्या." त्यांनी माझ्या मशीनकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मला वाटलं, बिचारे आजाराने खचलेत.

मी हेडफोन लावले, सगळी बटणं कमालीवर नेली आणि मशीन सुरू केलं. पहिल्याच फेरीत ते वाजलं. दुसऱ्यांदाही वाजलं. मग ते वाजायचं थांबेचना. जिथे जाईन तिथे वाजे, उभा राहिलो तरी वाजे. कपिल खणत गेला आणि जमिनीतून वर येत गेलं ते असं: बैलाच्या पायाची नाल, वखराच्या लोखंडी पासेचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट, कीटकनाशकाच्या बाटलीचं झाकण आणि गुटख्याच्या अगणित पुड्या. कपिल म्हणाला, "भाऊजी, हा गुटखा आपल्या वावरात कोन खाऊन राह्यलं, एवढं तरी मशीन सांगते काय?"

शेजारच्या वावराचे भीमसिंग राठोड धुऱ्यावरून उठून आले. साठीचा, उंच, मनमोकळा माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, तुमी पायाळू हाय काय?"

"म्हणजे?"

"पायाकडून जन्मलेला मानूस. त्याले जमिनीतलं दिसते म्हन्तात. नसान तं आपल्या गावात एक हाय, बलावू काय? मशीन राहू द्या, पन संगं असला तं काय बिघडते?"

मी त्यांना म्हणालो की हे विज्ञानाचं काम आहे. ते म्हणाले, "हो, हो, विज्ञानाचंच. पन वाजून तं सगळ्यालेच राह्यलं नं?" दुसरा एक सल्ला आला की मशीनला लिंबू बांधावं. तिसऱ्याने सांगितलं की मशीन उलटं धरलंय. मी ते खरंच एकदा उलटं धरून पाहिलं, आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. तो फोटो अजूनही दारव्हा तालुक्यात फिरत असतो.

दुपारी तलाठी मॅडम आल्या. मधुवंती मॅडम. पदाचं नाव आता बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण हाका अजून तलाठी म्हणूनच मारतात. कुणीतरी त्यांना फोन केला होता की राऊतांच्या वावरात जावई गुप्तधन काढून राह्यले. त्यांनी माझं मशीन दोन्ही बाजूंनी तपासलं आणि म्हणाल्या, "जमिनीखाली जुनी मौल्यवान वस्तू सापडली तर सरकारला कळवावं लागते, सर. तुम्ही शिकलेले आहात."

"अहो, माझ्या सासूबाईंचं डोरलं आहे. गेल्या आठवड्यात पडलं."

"मग नवं आहे. नवं असेल तर पावती दाखवा."

"नवं कायचं?" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "माह्या लग्नातलं होय. माह्या सासूनं घातलं, तिले तिच्या सासूनं."

"मग जुनं आहे," मॅडम म्हणाल्या आणि पिशवीतून कागद काढू लागल्या.

अर्धा तास डोरलं जुनं की नवं यावर चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की वस्तू जुनी आहे पण पडणं नवं आहे, आणि काही सापडलंच तर मॅडमसमोर सापडावं. "उद्या सकाळी मी येते. त्याच्या आधी काही सापडू देऊ नका," असं सांगून त्या गेल्या. सापडू न देण्याचं आश्वासन मी अगदी मनापासून देऊ शकत होतो.

मॅडम गेल्यावर सुरभीने एक साधा प्रश्न विचारला. "सोन्याचा आवाज कसा येतो, ते बघितलंत का?" मी नव्हतं बघितलं. तिने आपल्या गळ्यातलं डोरलं काढून जमिनीवर ठेवलं. ते सासूबाईंनीच आपल्या डोरल्याच्या नमुन्यावर करवून घेतलं होतं. त्यावरून चकती फिरवली तर एक मऊ, गोल आवाज आला आणि पडद्यावर एक आकडा उमटला. पुन्हा फिरवली, तोच आकडा. लोखंडाचे आकडे वेगळे, गुटख्याच्या पुडीचा वेगळा. मग मी बाकीचे सगळे आकडे बंद केले आणि फक्त त्या आकड्याच्या आसपासचं ऐकू येईल असं मशीन लावलं. मशीन एकदम गप्प झालं, आणि इतकी शांतता झाली की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला.

मंडळी जेवायला घरी गेली. जावई उन्हात उपाशी फिरतो म्हणून सासूबाईंनी झुणका-भाकर बांधून वावरातच पाठवली होती. मी मशीन खाटेच्या कडेला टेकवलं आणि हात धुवायला वळलो, तेवढ्यात ते वाजलं. मऊ, गोल आवाज. पडद्यावर तोच आकडा.

मी चकती खाटेखाली नेली, काही नाही. खाटेच्या पायांजवळ काही नाही. वर आणली, सासऱ्यांच्या पोटाजवळ काही नाही. छातीजवळ आणली आणि वाजलं. मी शास्त्राचा माणूस. मनात विचार केला, ह्यांना धातूची झडप बसवायची आहे हे खरं, पण ती झडप अजून नागपूरला आहे. मग इथे वाजतंय ते काय?

सासऱ्यांनी माझा हात धरला. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. उघडून पाहायची गरज नव्हती.

"त्याच दिवशी सापडलं होतं," ते म्हणाले. "माह्या पायापाशीच पडलं होतं. संध्याकाळी देणारच होतो, जवाईबापू. पन तुमच्या सासूबाईनं तेवढ्यात म्हनलं का डोरल्याबिगर ऑपरेशन नाई. अन् मले बरं वाटलं."

मी पुरचुंडी मुठीत मिटली.

"मले भेव वाटते," ते म्हणाले. "छाती फाडतात म्हन्तात. बंद करतात काही वेळ. मी आजवर वावरात सापाले नाई भेलो, इजेले नाई भेलो. हे कोनाले सांगू? तुमच्या सासूबाईले?"

माझे सासरे मोजकं बोलणारे. लग्नात त्यांनी मला "या" म्हटलं होतं, आणि त्यानंतर इतकं लांब काही ते माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो. मीही दातांच्या डॉक्टरकडून दोनदा पळून आलोय, हे त्यांना सांगितलं. ते जरा हसले.

"आता तुमाले समजलं. आता लपवून काय फायदा," ते म्हणाले. "पन देऊ कसं तिले? काय म्हनीन ते?"

इथे मला ती कल्पना सुचली. मी म्हणालो, "मामंजी, हे आपण भेगेत टाकू. उद्या सगळ्यांसमोर मी मशीनने शोधून काढतो. कुणाला काही कळायचं नाही."

"दोरा बांधून टाकू," ते म्हणाले.

"दोरा कशाला? मशीन आहे ना."

कडूनिंबापासून थोडं दूर एक भेग निवडली. डोरलं अलगद सोडलं. वाटलं होतं वीतभर खाली अडकेल. ते आत घरंगळत गेलं आणि दिसेनासं झालं. तरी मी निर्धास्त होतो. खूण म्हणून भेगेशेजारी एक पऱ्हाटी रोवली आणि झुणका-भाकर चवीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. मधुवंती मॅडम कागद घेऊन आल्या, भीमसिंग खणायला टिकास घेऊन आले, सासूबाई हळदीकुंकू घेऊन आल्या. मी तोऱ्यात हेडफोन लावले आणि खुणेच्या पऱ्हाटीकडे निघालो. पऱ्हाटी नव्हती. आसपास एकही पऱ्हाटी नव्हती.

"भाऊजी येऊन राह्यले म्हनून उजाडताच हा पट्टा साफ करून टाकला," कपिल कौतुकाने म्हणाला. "तुमाले फिराले सोपं जाईन."

पऱ्हाट्या उपटायचं काम चालू असलेल्या वावरात खूण म्हणून पऱ्हाटी रोवणं, असला मूर्खपणा जगात फक्त शिकलेला जावईच करू शकतो. मी खाटेकडे पाहिलं. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी तो सगळा पट्टा पिंजला. मशीन गप्प. मग बंद केलेले आकडे उघडले, आवाज कमालीवर नेला, तर मशीन कालच्यासारखं सगळीकडे किंचाळू लागलं. भेगा सगळ्या सारख्या, खोल, काळ्या. ऊन चढत गेलं. धुऱ्यावरचे लोक कुजबुजू लागले. मॅडमनी घड्याळ पाहिलं. आणि सासरे खाटेवरून उठले, काठीही न घेता माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जवाईबापू, हे तं खरंच गेलं. तिच्या सासूचं, तिच्या सासूच्या सासूचं. म्या घालवलं. सापडू द्या, मी आज जातो नागपूरले. पायी जातो. फक्त सापडू द्या."

त्यांना धाप लागली होती. भीमसिंगांनी त्यांना तिथेच मातीवर बसवलं. तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, मी माहितीपुस्तिका उघडली.

तिच्यातलं मराठी कुणा यंत्राने केलं असावं, पण मुद्दा कळत होता. तुमच्या जमिनीत खनिज जास्त असेल तर आधी मशीनला जमिनीची ओळख करून द्या. स्वच्छ जागेवर चकती वरखाली करा, जमिनीचा स्वतःचा आवाज बंद होईपर्यंत. कुठलाही धातू वगळू नका. आणि संवेदनशीलता कमी करा. ती वाढवली की मशीन मातीलाच ओरडतं आणि खोलवरचं त्याला ऐकू येत नाही. हे वाचताना मला स्वतःच्या बोलण्याचालण्याबद्दलही काही गोष्टी सुचल्या, पण ती वेळ नव्हती. शेवटी लिहिलं होतं: खोल वस्तूचा आवाज बारीक असतो, हळू चाला, लक्ष देऊन ऐका.

मी त्याप्रमाणे केलं. चकती वरखाली केली, काळी माती गप्प झाली. संवेदनशीलता निम्म्याहून खाली आणली. मग धुऱ्याकडे वळून म्हणालो, "कृपा करून कुणी बोलू नका. थोडा वेळ."

माझ्या वर्गात हे वाक्य कधी चाललं नाही. तिथे चाललं. अख्खा धुरा गप्प झाला. कुणीतरी रडणाऱ्या पोराला घेऊन लांब गेलं. मी बोट-बोट पुढे सरकत होतो, चकती जमिनीला जवळजवळ टेकवून. खूप वेळ काही नाही. मग एका भेगेवर, हो की नाही असा, अगदी पुसट आवाज आला. मी मागे आलो. पुन्हा आला. आडवा गेलो, पुन्हा आला.

भीमसिंगांनी टिकासाने वरचा थर हळूच मोकळा केला. कपिलने माती बाजूला ओढली. मी चकती खड्ड्यात नेली, आवाज जरा भरला. पुन्हा थर काढला. आवाज मऊ झाला, गोल झाला. सासरे कुणाचं न ऐकता गुडघ्यांवर बसले, हाताने ढेकळं फोडू लागले. सासूबाई त्यांना ओरडल्या, सुरभी ओरडली, मीही ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही. आणि एका ढेकळातून सोन्याची चमक निघाली.

धुऱ्यावर एकच गलका झाला. भीमसिंगांनी मला उचलायचा प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, "थांबा, थांबा, पंचनामा!" सासूबाईंनी पदर पसरला. आणि सासऱ्यांनी डोरलं पदरात टाकलं नाही. मुठीत धरून ते म्हणाले, "कोकिळा, हे पडलंच नव्हतं भेगेत. माह्या बंडीत होतं. म्या लपवलं होतं. मले ऑपरेशनचं भेव वाटते."

इतक्या लोकांत, इतक्या मोठ्याने, हे त्यांना बोलवलं कसं, कोण जाणे. मी तर बाजूला उभा राहून स्वतःच्या वाट्याचं कधी निघतं याची वाट पाहत होतो.

सासूबाई त्यांच्यासमोर मातीत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग आधी काहून नाई सांगतलं? मले काय कमी भेव वाटते? डोरल्यासाठी कोनी मानूस मारते काय? ते तं मले नाई म्हनाले निमित्त पायजे होतं. डॉक्टर त्या दिवशी बोलले तवापासून माह्या डोळ्याले डोळा नाई."

"तुलेबी?"

"मंग काय म्या दगडाची हाव?"

सुरभी रडू लागली. कपिल दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मधुवंती मॅडम कागदावर पेन टेकवून बसल्या होत्या. त्यांनी खाकरून विचारलं, "काकू, पंचनाम्यात मी काय लिहू?"

"लिहा," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "दोघं भेले होते."

मॅडमनी कागद घडी करून पिशवीत टाकला. नव्या दोऱ्यात मणी ओवून डोरलं पुन्हा गळ्यात गेलं. मला त्या दिवशी पुरणपोळीचं जेवण मिळालं, पण वाढताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "दोरा बांधाले काय झालं होतं?" म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, आणि मान खाली घालून जेवण्याखेरीज मला गत्यंतर उरलं नाही.

ठरलेल्या तारखेला आम्ही नागपूरला गेलो. ऑपरेशन फार लांबलं. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. मी आणून दिलेला चहा त्यांनी हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. डॉक्टर येऊन "झडप बसली, सगळं ठीक आहे," म्हणाले, तरी त्यांनी फक्त मान हलवली.

सासऱ्यांना बोलता यायला लागलं तेव्हा आम्ही दोघं आत गेलो. त्यांचा आवाज अगदी बारीक होता, वाकून ऐकावं लागलं.

"जवाईबापू, लय खोल गेलतो," ते म्हणाले. "पन तुमच्या सासूबाई वरून आवाज देऊन राह्यल्या होत्या. बंदच होईना त्यायचा आवाज."

"म्या कायले आवाज देते?" सासूबाई म्हणाल्या. "म्या तं भाहेर मस्त चहा पेऊन राह्यली होती."

चहा अजून त्यांच्या हातात होता. त्यावर जाड साय धरली होती.